22 मार्च 1690 : जेधे देशमुखांना जिंजीहून हाक

संभाजीराजांच्या हत्येनंतर औरंगजेबाची फौज मराठी मुलखात पसरली होती. वतनदार फोडण्यासाठी बादशहा वतनांचे आमिष दाखवत होता. अशा वेळी 22 मार्च 1690 रोजी संभाजीराजांचे धाकटे भाऊ छत्रपती राजाराम महाराज यांच्या, दक्षिणेतल्या जिंजी किल्ल्यावरच्या दरबारातून कारीच्या बाजी सर्जेराव जेधे देशमुखांना पत्र गेले : कर्नाटकात फौज उभी राहते आहे, तिथले पाळेगार म्हणजे स्थानिक सरदारही येऊन मिळत आहेत; राज्य तुमचेच आहे, जमाव घेऊन गनिमावर उठा.

हे लिहिणारा दरबार जिंजीला पोहोचला तोच जिवावर उदार होऊन. वाटेत बेंगळुरूला घात होता होता टळला. शहाजीराजांची ही जहागीर 1687 मध्येच मराठ्यांच्या हातून गेली होती. यात्रेकरूंच्या वेशातले महाराज तिथे संशयात सापडले. ते निसटावेत म्हणून त्यांचे चिटणीस खंडो बल्लाळ मागे राहिले आणि त्यांनी छळ सोसला, पण तोंड उघडले नाही, असे बखरी सांगतात.