बूट पायाला की पाय बुटाला?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नवी कोल्हापुरी चप्पल पहिले आठ दिवस चावते, हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, तेल चोपड, अंगठ्याला चिंधी बांध, घरातल्या घरात घालून हिंड. मग एके दिवशी चप्पल 'रुळते'. रुळते म्हणजे काय होते? चामडे सैल पडते, की आपल्या पायाला घट्टा पडतो? खरे तर दोन्ही होते. वहाण आणि पाय यांच्यात तह होतो आणि त्या तहात दोघेही थोडे थोडे सोडतात.

आज मला ज्या पादत्राणाबद्दल बोलायचे आहे, त्याच्याशी असा तह करणे फार अवघड. ते म्हणजे बर्फावरच्या हॉकीचा, आइस हॉकीचा बूट. चप्पल चावली तर माणूस लंगडतो. हा बूट सैल असला तर माणूस ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगात लाकडी कठड्यावर आदळतो. म्हणून या खेळाचा शे-दीडशे वर्षांचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरत राहिला: पायाने बुटाप्रमाणे व्हायचे, की बुटाने पायाप्रमाणे?

सुरुवातीला हा प्रश्न नव्हताच. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन नावाच्या एका लेखकाने लंडनचे वर्णन लिहून ठेवले आहे. शहराच्या उत्तरेची पाणथळ जमीन गोठली की तिथली पोरे जनावरांची हाडे पायाला बांधत आणि हातातल्या लोखंडी टोकाच्या काठीने बर्फ रेटत घसरत जात, असे त्यात आहे. हाडाला धार नसते. जोर सगळा काठीचा असतो, पायाने फक्त उभे राहायचे. अशा वेळी बांधणी ढिली असली तरी फारसे बिघडत नाही.

बिघडू लागले ते धातूचे पाते आल्यावर. हॉलंडात तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास लाकडी पट्टीखाली लोखंडी पाते बसवण्याची रीत पडली आणि काठी सुटली. आता पाते तिरके करून त्याच्या कडेने बर्फ रेटता येऊ लागला. म्हणजे जोर पायाचा, आणि तो पात्यापर्यंत पोहोचवायचा तर मध्ये कुठे ढिलाई नको. ही लाकडी पट्टी चामड्याच्या वाद्यांनी पायाला आवळत. वादी सैल राहिली तर पाते कलंडणार आणि फार आवळली तर आधीच गारठलेल्या पायाचे रक्त अडणार. पाचशे वर्षे लोकांनी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी दिवस काढले.

एकोणिसाव्या शतकात कारखाने आले. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्ससमोरच्या डार्टमथ गावी स्टार मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी होती. तिथल्या जॉन फोर्ब्स या कारागिराने १८६० च्या दशकात वाद्या आणि स्क्रू दोन्ही काढून टाकणारे स्केट बनवले. एक खटका दाबला की लोखंडी चिमटे रोजच्या बुटाचा तळ आणि टाच पकडत. 'अॅक्मी' नावाचे हे स्केट देशोदेशी गेले. मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया रिंकवर ३ मार्च १८७५ रोजी दोन्ही बाजूंना नऊ-नऊ गडी घेऊन, छपराखाली, आधी जाहीर केलेला सामना झाला. आजच्या आइस हॉकीची सुरुवात साधारणपणे तिथून धरतात. त्या काळचा खेळाडू अशीच चिमट्याची पाती आपल्या चालण्याच्या बुटाला लावून बर्फावर उतरे.

गोम अशी, की बूट चालण्याचा होता. चालताना पाऊल पुढच्या भागात वाकते, म्हणून चालण्याचा बूट लवचीक हवा. बर्फावर पाऊल वाकून उपयोग नाही. तिथे घोटा पुढे झुकला पाहिजे, पण आत-बाहेर कलंडता कामा नये. टाच जागची हलता कामा नये. एकाच बुटाकडून ही दोन्ही कामे होणे शक्य नव्हते.

ही गोष्ट ज्याला नीट उमगली, तो मॅनिटोबा प्रांतातल्या ब्रँडन गावचा एक चांभार. जॉर्ज टॅकाबेरी त्याचे नाव. शेजारी जो हॉल नावाचा हॉकीपटू राहायचा. आडदांड खेळाबद्दल तो इतका प्रसिद्ध, की त्याला 'बॅड' जो हॉल म्हणत. १९०५ च्या सुमारास त्याने टॅकाबेरीकडे तक्रार केली, की माझे बूट एक हंगामही धड टिकत नाहीत. घाम आणि वितळलेला बर्फ पिऊन गाईचे चामडे फुगे, वाळे, पुन्हा फुगे आणि हंगाम सरेपर्यंत त्याचे पोतेरे होई. नवा बूट म्हणजे पुन्हा फोड आणि पुन्हा रुळवणे.

टॅकाबेरीने कांगारूचे चामडे निवडले. ते पातळ असूनही चिवट असते आणि ओले झाले तरी फारसे ताणले जात नाही. बुटाची उंची त्याने कमी केली, चवडा आणि टाच कडक केली, पावलाच्या कमानीला आतून घट्ट आधार दिला. थोडक्यात, चालण्याचा बूट कापूनकुपून न वापरता बर्फावरचा बूट म्हणूनच तो घडवला. बातमी खेळाडूंमध्ये पसरली आणि ब्रँडनसारख्या आडगावी मोठमोठ्या खेळाडूंच्या मागण्या येऊ लागल्या. बूट टॅकाबेरीचे आणि खालचे पाते बहुधा सीसीएम कंपनीचे, अशी जोडी पुढे बरीच वर्षे चालली. सीसीएम ही मुळात सायकली बनवणारी कंपनी. १९३७ साली टॅकाबेरी वारला, तेव्हा त्याच्या पत्नीकडून या कंपनीने नावाचे हक्क घेतले. 'टॅक्स' हे त्या चांभाराच्या आडनावाचे लघुरूप पुढे कितीतरी वर्षे हॉकीच्या बुटांवर छापले जात होते. आपल्याकडे चांभाराचे नाव वस्तूवर टिकल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

ज्याच्या तक्रारीतून हे घडले तो जो हॉल मात्र १९१९ साली गेला. स्टॅन्ले चषकाची अंतिम लढत सिअॅटलला चालू होती आणि इन्फ्लुएंझाच्या साथीने संघातले खेळाडू अंथरुणाला खिळले. ती लढत अर्धवटच सोडावी लागली. काही दिवसांत, ५ एप्रिलला, हॉलने तिथेच प्राण सोडला.

टॅकाबेरीचा बूट मापाचा होता, पण तोही रुळवावा लागेच. सगळ्याच चामडी बुटांचे तसे होते, आणि त्यासाठी खेळाडूंनी काय काय केले याच्या कहाण्या ऐकल्या तर आपले तेल-चिंधीचे उपाय सौम्य वाटतात. बूट गरम पाण्यात बुडवायचे, तसेच ओले पायात चढवायचे आणि पायावरच वाळू द्यायचे. कुठे हाड टोचत असेल तर तेवढाच भाग हातोडीने ठोकून सैल करायचा. आपला मोची कालबूत घालून बूट ताणतो, तोच प्रकार. संघाचे सामान सांभाळणारे लोक या कामात तरबेज असत. आणि या सगळ्यावर एक मर्दानी समजूत पसरलेली होती: पाय रक्ताळल्याशिवाय खेळाडू तयार होत नाही. मला ही समजूत घातक वाटते. तिने पिढ्यान् पिढ्या पोरांना चुकीच्या मापाच्या बुटात खेळवले आणि त्यांच्या दुखण्याला कच्चेपणा ठरवले.

अर्थात, मोठ्या खेळाडूंची उदाहरणे या समजुतीच्या मदतीला यायची. बॉस्टनचा बॉबी ऑर मोजे न घालता, अनवाणी पाय बुटात घालून खेळायचा. बचाव फळीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने १९६८ ते १९७५ असा सलग आठ वर्षे मिळवला. त्याचा एका हंगामातल्या ४६ गोलांचा विक्रम १९८५-८६ मध्ये ४८ गोल करून मोडणारा पॉल कॉफी तर आपल्या मापापेक्षा लहान, अगदी आवळ बूट घालण्याबद्दल ओळखला जाई. त्यांना बर्फ तळपायाने वाचायचा होता, हे समजू शकते. पात्याची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर, त्याच्या मध्यात पन्हळ कोरलेली आणि दोन बाजूंना दोन धारा. पाय बुटात तसूभर हलला, तरी वळण तेवढे उशिरा लागते. पण त्यांचे पाहून बारा वर्षांच्या मुलाने दोन मापे लहान बूट घालावेत, हा कुठला न्याय?

घट्ट बुटाची दुखणीही ठरलेली आहेत. नाडी जिथे घोट्यापुढे आवळली जाते, तिथली शीर धरते. टाचेच्या मागे हाड वाढून टेंगूळ येते. डॉक्टर त्याला हॅग्लुंड विकृती म्हणतात, तर हॉकीपटू सरळ 'बाउर बंप', म्हणजे बाउरचे टेंगूळ. बाउर ही बूट बनवणारी कंपनी, १९२७ साली कॅनडातल्या किचनर गावी निघालेली. पाते कारखान्यातच बुटाला कायमचे जोडून संपूर्ण जोड विकण्याची रीत १९३० च्या दशकात रुजवण्यात तिचा मोठा वाटा. एखाद्या कंपनीचे नाव दुखण्याला मिळावे, ही कीर्ती वेगळीच!

१९७० च्या दशकात प्लॅस्टिक आले. पाते धरणारा भाग लोखंडाऐवजी प्लॅस्टिकचा झाला आणि बूट हलका झाला. काही कंपन्यांनी तर बर्फावरून घसरण्याच्या स्कीच्या बुटासारखा अख्खा बूटच प्लॅस्टिकचा ओतला. मग कृत्रिम धागे आले, कार्बन आला. बूट इतका कडक झाला, की चेंडूसारखी घट्ट रबरी चकती, म्हणजे पक, वेगाने आदळली तरी पाऊल वाचावे. पण चामड्याचा गुण त्यात राहिला नाही. चामडे हळूहळू पायाचे म्हणणे ऐकते, कार्बन ऐकत नाही. असा बूट वर्षभर घातला तरी रुळेलच याची खात्री नाही.

यावर जो तोडगा निघाला तो मोठा मजेशीर आहे. बूट भाजायचा! विसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुकानांत छोट्या भट्ट्या दिसू लागल्या. साधारण ऐंशी अंश सेल्सिअसला काही मिनिटे बूट तापवतात. आतला फोम आणि कवच मऊ पडते. गिऱ्हाईक बूट घालते, टाच मागे दाबते, नाड्या बेताने बांधते आणि दहा-पंधरा मिनिटे खुर्चीवर गप्प बसून राहते. उभे राहायचे नाही, चालायचे नाही. बूट निवतो तो पायाचा आकार घेऊन. मग एक दिवस त्याला हात लावायचा नाही. जे काम पूर्वी महिनाभराच्या फोडांनी होई, ते पाव तासात होते. अलीकडे पायाचे त्रिमितीय चित्र संगणकावर घेऊन त्यावरूनही बूट बनवतात. म्हणजे फिरून गाडी टॅकाबेरीच्या दुकानात आली, एका पायासाठी एक बूट.

भट्टीने सगळे साधत नाही, हे मात्र जाणकार दुकानदार पहिल्यांदा सांगतो. भट्टी रुंदी थोडीफार बदलते, लांबी नाही. म्हणून माप आधी. हा बूट रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड आकडा लहान लागतो. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकीच टेकावीत आणि गुडघे वाकवले की टाच मागे बसून बोटे सुटावीत. नाड्या सैल करून नाडीच्या भोकांवर आडवी पेन्सिल ठेवून बघतात. ती पावलाला अडली, तर बूट उथळ आहे.

इथे आपल्या घरातली एक सवय आड येते. वाढत्या अंगाचा सदरा तसा वाढत्या पायाचा बूट. पुण्यामुंबईत चाकांचे स्केटिंग शिकणाऱ्या मुलांचे आईवडीलही दोन वर्षे पुरावेत म्हणून मोठे माप घेतात. पैशांचा हिशेब बरोबर आहे. पण सैल बुटात मुलाचा घोटा लटपटतो आणि सगळे म्हणतात, याचे घोटेच कमजोर. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये बर्फाचे रिंक होते. ते उद्यान २०२२ साली बंद झाले. तिथे भाड्याच्या बुटात ज्यांची त्रेधा उडाली, त्यांनीही स्वतःच्या घोट्यांना उगाच दोष देऊ नये. मुलांच्या बाबतीत जाणकार फार तर अर्ध्या मापाची सूट देतात.

आणि ज्यांना माप निवडण्याची मुभाच नसते, त्यांचे काय? आपल्या देशात बर्फावरची हॉकी खरी रुजली ती लडाखमध्ये. लेहजवळचे तलाव हिवाळ्यात गोठतात आणि तीच मैदाने होतात. सुरुवातीला तिथल्या जवानांनी आणि तरुणांनी लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून स्केट बनवले. म्हणजे मॉन्ट्रियलच्या खेळाडूंनी १८७५ साली जे केले, ते शतकानंतर हिमालयात नव्याने करावे लागले. पुढे कॅनडातून वापरलेले बूट देणगीत येऊ लागले. २०१८ च्या जानेवारीत कॅनडाची विख्यात खेळाडू हेली विकेनहायझर स्वतः सामान घेऊन लडाखला गेली होती.

मुली या रांगेत शेवटी होत्या. भावाचे नाहीतर मैत्रिणीचे बूट मिळतील तेव्हा घालायचे आणि खेळायचे. बूट मोठा, म्हणून टाच सुटते. टाच सुटते, म्हणून वळता येत नाही. तरी २०१६ साली भारतीय महिलांचा संघ तैपेईत पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. पुढच्या वर्षी बँकॉकला जायला लोकवर्गणी गोळा करावी लागली. तिथे फिलिपिन्सला ४-३ असे हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन इथे आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक जिंकले. या मुलींपैकी बहुतेक जणी लडाखच्या.

दान आलेला बूट दुसऱ्याच्या पायावर रुळलेला असतो. कवच भट्टीत मऊ होणारे असेल, तर तो पुन्हा तापवून नव्या पायावर बसवता येतो, पण फार वेळा नाही. आणि लांबी तर बदलतच नाही. तेव्हा कुणी परदेशस्थ मराठी माणूस आपल्या मुलाचे जुने स्केट लडाखला पाठवणार असेल, तर त्याने जोडावर मापाचा आकडा ठळक लिहावा आणि लहान मापे आधी पाठवावीत.