समुद्रापलीकडून घरी बोलणे

पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमालेची चाल पडली ती १८७५ साली. त्या वर्षी दूरध्वनी अद्याप जन्मास यावयाचा होता. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यास त्याचे पेटंट मिळाले ते पुढल्या वर्षीच्या मार्च महिन्यात. म्हणजे एकाने बोलावे आणि शंभरांनी बसून ऐकावे, हा आपला उद्योग त्या यंत्राहून एका वर्षाने का होईना, वडील आहे. या धाकट्या भावंडाच्या चरित्रातील एकच प्रकरण आज आम्हांला सांगावयाचे आहे. परदेशी गेलेला माणूस घराशी बोलत कसा राहिला, हे ते प्रकरण.

हा विषय भिवंडीत काढण्यास कारण आहे. कामवारीच्या काठचे हे गाव खाडीच्या वाटेने पूर्वापार समुद्राशी जोडलेले. येथील कोकणी मुसलमान कुटुंबांतून माणसे हजला गेली, जहाजावर गेली आणि १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तेव्हा सौदी अरबस्तान, कुवेत, दुबई, मस्कत येथे नोकरीस गेली. उलट मऊ, आझमगड आणि तेलंगण येथून यंत्रमागावर काम करण्यास जे येथे आले, त्यांना भिवंडी हाच परदेश होता. एकाच गल्लीत एका घरातील माणूस जेद्दाहून फोन येण्याची वाट पाहत आहे आणि समोरच्या खोलीतील कारागीर आझमगडला फोन लावण्यासाठी सुटे पैसे मोजीत आहे, असे दृश्य या गावाने पुष्कळ वर्षे पाहिले आहे. इतिहासकाराला याहून सोयीची जागा कोठे मिळणार?

प्रारंभ मात्र शेजारच्या कल्याणपासून केला पाहिजे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली तेथे झाला. वैद्यक शिकण्यासाठी १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेस निघाल्या. मुंबईत टेलिफोनचे एक्स्चेंज त्यापूर्वी एकच वर्ष, १८८२ साली सुरू झाले होते. परंतु ते शहरातल्या शहरात बोलण्यापुरते. आनंदीबाईंच्या हाती होते ते पत्र. गोपाळराव टपालखात्यात नोकरीस होते, हा योगायोग आम्हांला नेहमी चटका लावतो. दुसऱ्यांची पत्रे पोहोचविणाऱ्या खात्यातील माणूस बायकोच्या पत्रासाठी आठवडेच्या आठवडे थांबत होता. प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर दोन-तीन महिन्यांनी हाती यावे, तोवर प्रश्नच शिळा झालेला असावा, ही त्या संसाराची रीत होती. गैरसमज झाला तर तोही तितकेच दिवस टिके.

तारायंत्राची सोय होती, नाही असे नाही. ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन समुद्रतळाशी तार टाकली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली. पण तारेचा दर शब्दागणिक लागे. ही तार कापसाच्या व्यापाऱ्याची, सरकारची आणि वर्तमानपत्रांची. सामान्य कुटुंबात ती आली तर दारात शिपाई दिसताच रडारड सुरू होई, कारण मृत्यूखेरीज इतका खर्च कोण करणार? ही धास्ती आपल्या आजीपर्यंत पोहोचली होती. तारसेवा १४ जुलै २०१३ नंतर बंद झाली, तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. जुन्या बायकांनी हळहळ केली असेल असे आम्हांला वाटत नाही.

मनुष्याचा प्रत्यक्ष आवाज समुद्र ओलांडून गेला तो बिनतारी मार्गाने, आणि ही गोष्ट घडली आपल्या महाराष्ट्रात. पुण्याजवळ खडकी येथे संदेश पाठविणारे केंद्र आणि दौंड येथे संदेश घेणारे केंद्र, अशी जोडी १९२७ साली उभी राहिली. विलायतेत तिच्या समोर ग्रिम्स्बी आणि स्केग्नेस या गावांजवळची जोडी होती. दोन केंद्रे इतकी दूर कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडेल. खडकीच्या यंत्राचा स्वतःचा आवाजच इतका मोठा, की शेजारी बसून साडेचार हजार मैलांवरची कुजबूज ऐकणे शक्य नव्हते. लग्नघरात सनई-चौघड्यापाशी बसून कानगोष्टी होत नाहीत, तशातला प्रकार. या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत पृथ्वीकडे येतात. तो थर दिवसा एक आणि रात्री एक, त्यातच सूर्यावरील डागांची लहर. म्हणून आवाज कधी स्पष्ट येई, कधी लाटेसारखा चढे-उतरे, तर कधी बुडून जाई.

आरंभी या वाटेने केवळ तारा जात. बोलण्याची सोय झाली १९३३ साली, मुंबई-लंडन मार्गावर. हे साल ध्यानात ठेवावे. डॉ. आंबेडकर न्यूयॉर्क व लंडन येथे शिकले आणि १९३० साली गोलमेज परिषदेस गेले, तो सारा काळ पत्रांचा आणि तारांचा होता. लोकमान्य टिळक १९१८-१९ साली विलायतेत होते, तेव्हाही तेच. विलायतेस गेलेल्या आपल्या थोर पुरुषांच्या कित्येक पिढ्यांनी घरचा आवाज परतीपर्यंत ऐकला नाही. आणि त्यामुळेच त्यांची पत्रे आपल्यापाशी आहेत. या मुद्द्याकडे आम्ही पुढे येऊच.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १ जानेवारी १९४७ रोजी, ही व्यवस्था सरकारने कंपनीकडून आपल्याकडे घेतली आणि परदेश दळणवळणाचे निराळे खाते निघाले. तरीही भिवंडीसारख्या गावातून परदेशी बोलणे म्हणजे ट्रंक कॉल, आणि ट्रंक कॉल म्हणजे प्रतीक्षा. कॉल नोंदवावा, बसून राहावे, ऑपरेटरने मुंबई मिळवावी, मुंबईने पुढची वाट मिळवावी. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे वर्ण होते. ठराविक इसमाशीच बोलावयाचे असल्यास पी.पी. कॉल, आणि घरी फोन नसलेला मनुष्य शेजाऱ्याचा क्रमांक देऊन त्यापुढे पी.पी. अशी दोन अक्षरे छापून घेई. शेजाऱ्याच्या भलेपणावर चाललेली ही दूरध्वनीसेवा कोणत्याही खात्याच्या अहवालात सापडावयाची नाही. पण गल्लीच्या टोकाला फोन आला म्हणून पोराने धावत यावे, चुलीवरचे तसेच टाकून सासू-सूनांनी धावावे आणि परक्याच्या दिवाणखान्यात, परक्यांच्या देखत, नवऱ्याशी तीन मिनिटे बोलावे, हे हजारो घरांनी अनुभविले आहे. त्या तीन मिनिटांत सून काय बोलणार? ‘बरे आहे’ एवढेच.

पुढची मोठी पायरीही पुणे जिल्ह्यातच घातली गेली. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रहकेंद्र सुरू झाले. डॉ. विक्रम साराभाई त्याच वर्षाच्या अखेरीस वारले आणि केंद्रास त्यांचे नाव मिळाले. सुमारे तीस मीटर व्यासाची ती ताटली हिंदी महासागरावर छत्तीस हजार किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहाकडे तोंड करून उभी राहिली. लघुलहरींची कुरकुर गेली, आवाज स्वच्छ झाला; पण आवाजाला वर जाऊन खाली यावयास सुमारे पाव सेकंद लागू लागला, तितकाच उत्तराला. त्यामुळे दोघेही एकदम बोलत, दोघेही एकदम थांबत, आणि ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’ यातच पैसे जात. १९७६ साली मुंबईहून लंडनला ऑपरेटरवाचून थेट क्रमांक फिरविण्याची सोय झाली.

आखाती देशांत गेलेल्या पिढीच्या वाट्याला ही यंत्रे आली, पण त्यांचे दर झेपणारे नव्हते. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. टेपरेकॉर्डर तर प्रत्येकाने घेतलेलाच असे. खोलीतले सोबती झोपल्यावर त्यावर तासभर बोलावे आणि ती कॅसेट सुट्टीवर निघालेल्या गाववाल्याच्या बॅगेत द्यावी. घरी साऱ्यांनी मिळून ती ऐकावी, मग दुसरी बाजू भरून परत पाठवावी. तिच्यात म्हातारीचा खोकला येई, शाळेतली कविता येई, मागाची खटखट येई. फोनवर ‘बरे आहे’ म्हणणारी सून कॅसेटमध्ये, दार लोटून घेऊन, पाऊण तास बोले. दूरध्वनीच्या इतिहासात कॅसेटचे काय काम, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे, की फोनचा दर हाच कॅसेटचा जनक.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पिवळ्या पाट्या दिसू लागल्या. एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. तीनबत्तीपासून धामणकर नाक्यापर्यंत काचेच्या पेट्या झाल्या. आत फोन, वर लाल आकड्यांचे मीटर, बाहेर रांग. रात्री अकरानंतर देशातल्या कॉलचा दर उतरे, म्हणून पाळी संपलेले कारागीर त्या वेळी येत. बोलणाऱ्याचा एक डोळा आकड्यांवर असे, आणि पन्नास रुपये झाले की वाक्य अर्धेच राही. भिवंडीचा संकेतांक ०२५२२. पण परदेशाहून लावताना पहिले शून्य गाळून ९१ लावावयाचे, हे दुबईस निघालेल्याला घरची माणसे कागदावर लिहून देत. उलट, अक्षरओळख नसलेल्या आईलाही ९६६ म्हणजे सौदी आणि ९७१ म्हणजे दुबई, एवढे बरोबर कळे.

हा धागा तुटतो तेव्हा काय होते, ते १९९० साली कळले. २ ऑगस्ट रोजी इराकने कुवेत घेतले आणि कुवेतचे बाहेरच्या जगाशी दूरध्वनीसंबंध तुटले. तेथे त्या वेळी दीड लाखांहून अधिक भारतीय होते. ज्या घरी दर शुक्रवारी घंटी वाजे तेथे ती वाजली नाही. माणूस जिवंत आहे की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. माणसे बसने, ट्रकने इराक ओलांडून जॉर्डनमध्ये अम्मानला पोहोचली आणि १३ ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत एअर इंडियाच्या विमानांनी त्यांना मुंबईस आणले. अम्मानहून फोन लागला तर लागला. न लागलेला मनुष्य थेट दारातच उभा राहिला. फोनची सवय लागलेल्या घराला तो बंद पडणे जितके भयंकर वाटले, तितके आनंदीबाईंच्या घरी तीन आठवडे पत्र न येणे वाटले नसेल. तेथे शांतता हीच नेहमीची होती.

पुढचे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले आहे. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला देशातील पहिला मोबाइल कॉल झाला. २००२ साली परदेशी कॉलवरील एका कंपनीची मक्तेदारी संपली, दर कोसळले, काचेच्या पेट्यांतून झेरॉक्सची दुकाने निघाली. आता प्रवासी उतरल्या उतरल्या विमानतळावर नवे सिमकार्ड घेतो आणि जुने बँकेचा ओ.टी.पी. यावा म्हणून जिवंत ठेवतो. चेहरा दिसतो, जेवणाचे ताट दिसते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलण्यास सामान्यतः बंदी आहे, म्हणून तेथील माणसे परवानगी असलेली दुसरी ॲपे वापरतात. लोकांनी बोलणे सोडलेले नाही.

आता तो राहिलेला मुद्दा. आनंदीबाईंचे दुःख आपण आज वाचू शकतो, कारण ते कागदावर होते. वीस वर्षे जेद्दाला राहून दर शुक्रवारी घरी फोन करणाऱ्या माणसाचे काय उरले? बिले फाडली गेली, बोलणे हवेत गेले. ज्या पिढीच्या पैशांनी या गावात घरे उठली, मुली शिकल्या, माग आले, त्या पिढीचा स्वतःचा शब्द या गावाच्या इतिहासात जवळजवळ कोठेच नाही. आम्हांला हे नुकसान फार मोठे वाटते. तिच्या आवाजाचा एकच साठा शिल्लक असण्याचा संभव आहे, तो त्या कॅसेटींचा. त्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या गाण्यांच्या कॅसेटींत मिसळून पडल्या असतील. आपल्याकडील पावसाळी हवेत फितीवर बुरशी चढते, लेप सुटतो, आणि त्या वाजविणारी यंत्रे भंगारात चालली आहेत. फीत तुटली असल्यास ती सांधता येते. बुरशी असल्यास प्रथम वाजवू नये, जाणत्याकडून साफ करून घ्यावी आणि मग एकदाच वाजवून तिची नक्कल संगणकावर उतरवावी. आवाज कोणाचा, कोठून, साधारण कोणत्या साली, हे घरातील वडील मंडळींना विचारून वेष्टनावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. ज्यांना तो आवाज ओळखता येतो त्यांची वये आता सत्तरीच्या पुढे आहेत.