गटार कोणाचं? मुंबईच्या घरगल्लीची गोष्ट

समोर जेवणाचं ताट असेल तर हा भाग नंतर ऐका, कारण आज विषय गटाराचा आहे.

प्रश्न साधा आहे. सोसायटीचं ड्रेनेज चोकअप झालं, तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं वर यायला लागलं. आता ते काढायचं कोणी? पालिकेने की आपण? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून जे भांडण होतं, तेच मुंबईत किमान दीडशे वर्षं चालू आहे. आणि त्याचा पुरावा आजही बघायला मिळतो. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागात दोन जुन्या इमारतींच्या पाठी बघा. जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ असते. वरून संडास-मोरीचे पाइप उतरलेले, खाली कायमची ओल, आणि खिडकीतून फेकलेला कचरा. हिला म्हणतात हाऊस गल्ली, म्हणजे घरगल्ली.

ही बोळ उरलीसुरली जागा नाहीये, मुद्दाम सोडलेली आहे. १८८८ चा मुंबई महानगरपालिकेचा कायदा आजही लागू आहे, आणि त्यात घरगल्लीची व्याख्याच दिलेली आहे. साध्या मराठीत सांगायचं तर, सांडपाणी वाहून जायला, किंवा संडास-मुतारी साफ करणाऱ्या, मैला उचलून नेणाऱ्या माणसाला आत यायला-जायला ठेवलेली जमिनीची पट्टी. व्याख्येतला हा दुसरा भाग मी तीनदा वाचला. शहराच्या नकाशात एका माणसासाठी वेगळी वाट काढलेली होती, आणि ती घराच्या पाठून होती. पुढच्या दाराने त्याने येऊ नये, कोणाला दिसूही नये, म्हणून.

तेव्हा संडास टोपलीचे होते. वर बसायची जागा, खाली टोपली किंवा डबा, आणि पाठीमागून तो ओढून काढायला भोक. रोज कोणीतरी घरगल्लीतून यायचं, टोपली रिकामी करायचं आणि मैला डोक्यावरून किंवा गाडीने न्यायचं. मुंबईत या कामगारांना हलालखोर म्हणत. शब्दाचा अर्थ बघा, कष्टाचं, हलालीचं खाणारा. अकबराने सफाई करणाऱ्यांना हे नाव दिलं असं अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय. नाव एकदम सन्मानाचं, काम मात्र जातीने गळ्यात बांधलेलं. मुंबईतले बरेच हलालखोर गुजरात-काठेवाडातून आलेले होते.

आधी हा मामला घरमालक आणि हलालखोर यांच्यातला होता. १८६० च्या दशकात पालिकेने तो हळूहळू आपल्या हातात घेतला आणि त्यासाठी घरांवर वेगळा कर बसवला. त्या कराचं नावच हलालखोर कर. १८८८ च्या कायद्यातही तो याच नावाने आला. आज मुंबईत प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर ‘मलनिःसारण कर’ अशी ओळ दिसते ना, तिचा हा पूर्वज. नाव बदललं, माणूस बिलातून गायब झाला. कामातून गायब झाला का, ते पुढे येतंच.

दरम्यान जमिनीखाली पाइप यायला लागले. कॅप्टन हेक्टर टुलॉक या इंजिनिअरने १८७० च्या दशकात मुंबईच्या ड्रेनेजवर मोठा अहवाल लिहिला, पुढे वरळीला लव्ह ग्रोव्हचं पंपिंग स्टेशन उभं राहिलं. पण रस्त्याखाली मोठी लाइन टाकून भागत नाही. घराचा पाइप तिला जोडायला हवा, आणि त्याचा खर्च कोण करणार? इथे कायद्याने सरळ सांगितलं की मालक. पालिकेची ड्रेनेज लाइन तुमच्या जागेपासून शंभर फुटांच्या आत असेल, तर आयुक्त नोटीस देऊन तुम्हाला जोडणी करायला लावू शकतो. नाही केली, तर पालिका स्वतः करून पैसे तुमच्याकडून वसूल करणार. अशी सक्ती कायद्यात लिहावी लागली, यावरून मालकमंडळी किती उत्साही होती त्याचा अंदाज येतो.

तर मुंबईतली रेघ ही अशी पडली. रस्त्याखालची लाइन पालिकेची, आणि तुमच्या आवारातून तिथपर्यंत जाणारी तुमची. घरगल्लीसुद्धा मालकाची. आपल्याकडे ही कल्पना इंग्लंडच्या कायद्यांवरून आली. मजा म्हणजे इंग्लंडने नंतर स्वतःची रेघ हलवली. तिथे १ ऑक्टोबर १९३७ नंतर बांधलेल्या घरांची सामायिक गटारं साधारणपणे घरमालकांच्या गळ्यात होती. चार घरांचा एक पाइप फुटला की चौघांमध्ये भांडण. शेवटी १ ऑक्टोबर २०११ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा बहुतेक सामायिक लाइन पाणी-कंपन्यांकडे सोपवल्या. फक्त एकाच घराचा, त्याच्या हद्दीतला पाइप मालकाकडे राहिला.

आपल्याकडे उलट गुंता झाला. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि जुन्या चाळींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मालक म्हणाला, या भाड्यात मी गटार काय साफ करू? भाडेकरू म्हणाला, इमारत तुझी, मी का करू? दोघांचंही अगदी चूक नव्हतं. पुढे जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर लागला, सरकारी दुरुस्ती मंडळ आलं, आणि जबाबदारीत तिसरा भागीदार घुसला. घरगल्ली मात्र तशीच तुंबलेली. मग पालिकाच माणसं पाठवून ती उपसते. आमच्याकडे ज्या कोडला ओनर नसतो त्याचं जे होतं, तेच.

आणि उपसायला जातो कोण? टोपलीचा संडास गेला, पाइप आला, पण पाइप तुंबला की त्यात उतरणारा माणूस साधारण त्याच समाजांतून येत राहिला. १९९३ मध्ये पहिला केंद्रीय कायदा आला. २०१३ चा कायदा जास्त स्पष्ट आहे. सुरक्षेची साधनं न देता, काळजी न घेता कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायचं नाही. आणि ही बंदी फक्त पालिकेवर नाही, कोणत्याही व्यक्तीवर आहे. थेट काम दिलं किंवा कंत्राटदारामार्फत दिलं, तरीही. पहिल्यांदा पकडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मेले. त्यांच्या बायका मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रत्येकीला दहा लाख रुपये सरकारने द्यायचे आणि नंतर जबाबदार लोकांकडून वसूल करायचे. टँक खासगी आहे म्हणून सरकारला हात झटकता आले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली.

म्हणजे हद्दीतला पाइप तुमचा असेल, तर त्यात कोणाला उतरवलं याचा जाबही तुम्हालाच. ‘आम्ही प्लंबरला सांगितलं होतं, त्याने कोणाला आणलं आम्हाला काय माहीत’ हे चालणार नाही. मला विचाराल तर हे १८८८ मध्येच लिहायला हवं होतं.

आता कामाचं. पाणी तुंबलं की आधी चोकअप कुठे आहे ते शोधा. फक्त तुमच्याच बाथरूमचं पाणी जात नसेल, तर बहुतेक घरातला पाइप. वरच्यांनी फ्लश केल्यावर तळमजल्याला पाणी उसळत असेल, तर इमारतीची लाइन. मग चेंबर एकेक करून बघा, म्हणजे वरून, झाकण बाजूला सारून, तोंड लांब ठेवून. आतलं चेंबर भरलेलं आणि गेटजवळचं रिकामं, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये, म्हणजे तुमचा. गेटजवळचं शेवटचंही भरलेलं असेल, तर पालिकेची लाइन भरली असण्याची शक्यता जास्त. मुंबईत १९१६ वर तक्रार करा आणि नंबर लिहून घ्या. पावसाळी पाण्याचा पाइप कोणी ड्रेनेजला जोडलाय का तेही बघा. मुंबईत या दोन लाइन वेगळ्या आहेत, आणि गच्चीचं पाणी ड्रेनेजमध्ये सोडलं की पहिल्या मोठ्या पावसात ते उलटं फिरतं.

साफ करायला रॉड, जेटिंग मशीन, सक्शन गाडी मागवा. सोसायटीच्या कंत्राटात ‘मशीननेच, माणूस आत उतरणार नाही’ हे लिहून घ्या. सेप्टिक टँकसाठी १४४२० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आणि कोणी म्हणालं की ‘वास येत नाही, गॅस नसणार, पटकन उतरून येतो’, तर त्याला तिथेच थांबवा. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की तो वास घेण्याची नाकाची ताकदच मारतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्यांमध्ये एकाच टँकमध्ये तिघं-चौघं गेलेले असतात ते त्यामुळे. आत कोणी पडलाच तर तुम्ही उतरू नका, लगेच १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा.