हरवलेल्या विमानाचे चित्र

एखादे विमान हरवले म्हणजे पहिली अडचण अशी की, त्याचे चित्र कोणापाशीच नसते. आग लागली तर ज्वाळांचे छायाचित्र घेता येते, पूर आला तर पाण्याचे घेता येते; पण जे कोठे आहे हेच ठाऊक नाही, त्याचे छायाचित्र घेणार कसे? वृत्तपत्राला तर दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र हवे असते आणि दूरचित्रवाणीला ते त्याच घटकेला हवे असते. मग संग्रहातून एखादे काढावयाचे, बातमीशेजारी बसवावयाचे, खाली बारीक अक्षरांत 'संग्रहित छायाचित्र' असे छापावयाचे, किंवा तेवढेही विसरून जावयाचे. ही रीत कोठून आली आणि तिच्यापायी काय काय घडले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. विषय दिसावयास लहान आहे. पण ज्या घरातले माणूस त्या विमानात बसले आहे, त्या घरात ते चित्र कोणत्या डोळ्यांनी पाहिले जात असेल, हे मनात आणले म्हणजे तो लहान राहत नाही.

रीत आजची नव्हे. १४९३ साली जर्मनीतील न्युरेंबर्ग येथे हार्टमन शेडेल याचा जगाचा इतिहास छापून निघाला. त्यात चित्रे अठराशेच्या वर आहेत. पण ती छापण्यासाठी कोरलेले लाकडी ठोकळे अवघे ६४५. हिशेब उघड आहे. एकाच ठोकळ्यावरून निरनिराळ्या नगरांची दृश्ये छापली गेली, आणि एकाच मुखवट्याने कित्येक राजांची व साधुपुरुषांची जागा भरून काढली. त्या वाचकाला यात फसवणूक वाटली असेल असे मला वाटत नाही. तटबंदी, मनोरे आणि मधून वाहणारी नदी दिसली की 'हे नगर' एवढे त्याला कळे आणि तेवढ्यावर तो संतुष्ट असे.

आपल्या पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली चित्रशाळा काढली. शिळाछापाच्या त्या आणि तसल्या छापखान्यांमुळे थोर पुरुषांची चित्रे साध्यासुध्या घरांच्या भिंतींवर आली. छापलेल्या चित्राची सत्ता केवढी असते, याचा दाखला मात्र दुसरीकडे पाहावा लागतो. शिवछत्रपतींचे म्हणून जे एक चित्र पुष्कळ वर्षे प्रचारात होते, ते वास्तविक इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच एका गृहस्थाचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुनी दफ्तरे धुंडाळून डच लोकांकडील समकालीन चित्र शोधून काढले, आणि १९३३ साली ते लोकांपुढे आले. तोपर्यंत ज्यांनी त्या जुन्या चित्रापुढे हात जोडले, त्यांच्या भक्तीत खोट नव्हती. खोट चित्राखालच्या नावात होती. आजच्या विषयातील पुष्कळसे मर्म या एका प्रकरणात सापडते. चित्र स्वतः कधी खोटे नसते. त्याच्याखाली नाव कोणते लिहिले, तेथे सारा घोटाळा होतो.

मग छायाचित्र आले. १८८० च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' या दैनिकाने ठिपक्यांच्या जाळीतून छायाचित्र छापून दाखविले, आणि पुढे हे तंत्र जगभर पसरले. हाताने काढलेल्या चित्रात चित्रकाराचा हात आहे हे वाचक जाणून होता. छायाचित्रात मात्र त्याला वाटू लागले की, आपण ती वस्तूच पाहत आहोत. साधने बदलली, संपादकाच्या कपाटातील जुन्या ठशांचा उपयोग करण्याची सवय तीच राहिली.

याच संधिकाळात आकाशयानाच्या हरवण्याची एक विलक्षण कथा घडली. स्वीडनचा आंद्रे हा आपल्या दोन सोबत्यांसह ११ जुलै १८९७ रोजी बलूनमध्ये बसून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि नाहीसा झाला. पुढे ३३ वर्षे त्यांचे काय झाले ते कोणालाच कळले नाही. कल्पनेची चित्रे मात्र हवी तेवढी काढता येत होती. १९३० च्या ऑगस्टमध्ये क्विटया नावाच्या निर्जन बेटावर त्यांचे अवशेष सापडले. त्यांत फिल्मही होत्या. जॉन हर्ट्झबर्ग नावाच्या तज्ज्ञाने त्या मोठ्या काळजीने धुतल्या आणि ९३ छायाचित्रे वाचविली. बर्फावर कलंडलेले बलून आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसे, असे त्यांतले एक आहे. हरवलेल्या यानाचे खरेखुरे चित्र जगाने पाहिले, पण ते तेहतीस वर्षांनी.

इतका धीर कोणाला असतो? अमेलिया इअरहार्ट ही अमेरिकन वैमानिक १९३७ च्या जूनमध्ये कराचीहून कलकत्त्यास गेली, आणि तेथून पुढे जाता जाता २ जुलैला प्रशांत महासागरावर नाहीशी झाली. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, २०१७ साली, अमेरिकेतील एका दूरचित्रवाहिनीने सरकारी दफ्तरातील एक छायाचित्र पुढे केले. मार्शल बेटांतील एक धक्का, त्यावर पाठमोरी बसलेली एक व्यक्ती. हीच ती, असे सांगितले गेले. दोनचार दिवसांतच जपानच्या एका अभ्यासकाने तेच छायाचित्र एका जपानी प्रवासवर्णनात दाखवून दिले. पुस्तकाचे प्रकाशन होते १९३५ चे; म्हणजे बाई हरवण्याच्या दोन वर्षे आधीचे! तज्ज्ञांनी त्या चित्रातील खांदे मोजले होते, केसांची ठेवण तपासली होती. ते पूर्वी कोठे छापले गेले आहे काय, एवढेच पाहिले नव्हते.

आता जवळच्या गोष्टीकडे येऊ. २९ मे २०२२ रोजी सकाळी नेपाळातील पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे एक लहान विमान डोंगरांत हरवले. आत २२ माणसे होती आणि त्यांत ठाण्याच्या एका कुटुंबातील चौघे होते. ढगांमुळे व अंधारामुळे शोध थांबवावा लागला. वैमानिकाच्या भ्रमणध्वनीवरून ठाव काढीत काढीत दुसऱ्या दिवशी सकाळी अवशेष सापडले. या मधल्या वीस तासांत घरोघरच्या पडद्यांवर जे विमान दिसत असते, ते कोणते असते, हा माझा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, विमानासारखे विमान. फरक तो काय पडणार? पडतो. हे विमान ट्विन ऑटर जातीचे होते. या जातीची चाके उड्डाणातही खाली लोंबतच असतात. याच कामाला वापरले जाणारे डॉर्निअर जातीचे विमान दुरून बरेचसे तसेच दिसते, परंतु ते आपली चाके पोटात घेते. डोंगरातील मेंढपाळाला तुम्ही चित्र दाखवून 'असे काही पाहिलेस काय?' म्हणून विचारणार असाल, तर हा भेद क्षुल्लक नाही. जात बरोबर असली तरी भागत नाही. याच कंपनीचे, याच मार्गावरील, याच जातीचे दुसरे एक विमान २४ फेब्रुवारी २०१६ रोजी कोसळून २३ जण मरण पावले होते. ते होते कोरे, काही महिन्यांपूर्वीच आणलेले. २०२२ चे होते १९७९ साली बांधलेले, म्हणजे ४३ वर्षे वयाचे. एकाच्या बातमीला दुसऱ्याचे चित्र लावले, तर विमान जुने की नवे याविषयी वाचकाचा जो ग्रह होतो तो उलटाच होतो. आणि अपघाताचा दोष यंत्राचा, डोंगराचा की माणसाचा, हा विचार तेथूनच सुरू होत असतो.

प्रत्येक विमानावर नोंदणीची अक्षरे मोठ्या आकारात रंगविलेली असतात. आपल्याकडे ती 'व्हीटी'ने सुरू होतात. मोटारीच्या पाटीसारखीच ही गोष्ट. चित्र त्याच विमानाचे आहे की नाही, हे पाहावयास विद्वत्ता लागत नाही. त्या दिवशी नेपाळी सैन्याने अवशेषांचे जे पहिले छायाचित्र प्रसिद्ध केले, त्यातही तुटलेल्या भागावर ही अक्षरे वाचता येत होती.

लहान विमानांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक होतो, याचे कारण त्यांची छायाचित्रे मुळात थोडी. मोठ्या जेट विमानांची हजारो असतात. २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादला निघालेले वायुदूतचे डॉर्निअर विमान इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात कोसळले आणि आतील अकराही जण दगावले. त्या विमानातून पुण्याची कितीशी माणसे कधी गेली असतील? ते दिसते कसे, आत जागा किती, हे बहुतेकांना चित्रावरूनच कळावयाचे. आणि उजनीच्या पाण्याचे छायाचित्र घेतले तर त्यात पाणीच दिसणार.

येथवर सांगितले ते धड विमानाच्या चित्राविषयी. याहून वाईट प्रकार म्हणजे एका अपघाताचे अवशेष दुसऱ्याच्या नावावर खपविणे. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असता, भारताचे राफेल विमान पाडल्याचा पुरावा म्हणून एक चित्र फिरविले गेले. ते होते २०२१ साली पंजाबात मोगा जिल्ह्यात पडलेल्या मिग-२१ चे. तेथे हेतूच वाईट होता, म्हणून ते प्रकरण सोडून देऊ. परंतु ज्या विमानाचा शोध अजून चालू आहे, त्याच्या बातमीशेजारी कोणत्याही जुन्या अपघाताचे मोडके पंख छापले, तर त्या घरातल्या माणसांना आपण काय सांगतो? शोधपथकाने जे अजून सांगितलेले नाही, ते आपण सांगून मोकळे होतो. ही गोष्ट घाईने व निष्काळजीपणाने घडते, हे मी मान्य करतो. पण त्यामुळे ती सौम्य ठरत नाही.

८ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे २३९ माणसांचे विमान नाहीसे झाले. त्यांत पाच भारतीय होते. मराठी माणसेही होती. चार दिवसांनी चीनने उपग्रहाने टिपलेली समुद्रावरील तीन तरंगत्या वस्तूंची चित्रे प्रसिद्ध केली. विमाने व जहाजे तेथे गेली, काही नव्हते. चोरीच्या पारपत्रांवर चढलेल्या दोघा प्रवाशांची छायाचित्रे पोलिसांनी दिली, तर दोघांचे पाय हुबेहूब सारखे! त्यावर तर्कांचा पाऊस पडला. खुलासा साधा निघाला: प्रती काढताना एका कागदाचा खालचा भाग दुसऱ्यावर उमटला होता.

संपादकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. चित्राशिवाय बातमी नजरेतून निसटते, आणि हरवलेल्या माणसांची बातमी निसटून चालत नाही. म्हणून माझे म्हणणे चित्र छापू नका असे नाही. 'संग्रहित छायाचित्र' या दोन शब्दांत मात्र काहीच कळत नाही. ते चित्र त्याच विमानाचे जुने आहे की दुसऱ्याच विमानाचे, हे त्यात गुलदस्त्यात राहते. 'याच जातीचे दुसरे विमान' असे लिहावयास चारच शब्द लागतात. नकाशा छापता येतो: कोठून निघाले, शेवटचा संदेश कोठून आला, मध्ये डोंगर कोणते. शोध घेणाऱ्यांच्या हातातही पहिल्या दिवशी तोच असतो.

२२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे ए. एन. ३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. त्याविषयीच्या बातम्या साडेसात वर्षे येत राहिल्या. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणयानाने घेतलेली छायाचित्रे तपासून सरकारने जाहीर केले की, चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल तळाशी दिसणारे अवशेष ए. एन. ३२ जातीच्या विमानाच्या घडणीशी जुळतात, आणि त्या भागात दुसरे कोणतेही विमान हरवल्याची नोंद नाही.