मातावाई उपसागर
मातावाई उपसागर : दक्षिण पॅसिफिक महासागरातील ताहिती बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील इतिहासप्रसिद्ध नांगरस्थान. हा उपसागर सु. १७° ३०′ द. व १४९° ३०′ प. येथे, पापीएते शहराच्या पूर्वेस सु. १० किमी.वर आहे. किनारा काळ्या ज्वालामुखीजन्य वाळूचा असून ईशान्येचे भूशिर ‘पॉइंट व्हीनस’ या नावाने ओळखले जाते. या भूशिरामुळे व बेटावरील उंच पर्वतांमुळे आग्नेय व्यापारी वाऱ्यांपासून जहाजांना येथे आडोसा मिळतो. मात्र उपसागराचे तोंड वायव्येकडे उघडे असल्याने हा आडोसा बारमाही नाही. सु. नोव्हेंबर ते मार्च या पावसाळी काळात वायव्येकडून वादळी वारे आले, की नांगरलेली जहाजे धोक्यात येत. उपसागराच्या इतिहासातील बऱ्याच घटनांचा उलगडा या एका गोष्टीने होतो.

२३ जून १७६७ रोजी सॅम्युएल वॉलिसचे ‘डॉल्फिन’ हे ब्रिटिश जहाज आत शिरताना एका प्रवाळखडकावर चढले. किनाऱ्याकडून सुटलेल्या वाऱ्यामुळे ते निसटले; त्या खडकास पुढे जहाजाचेच नाव मिळाले. दुसऱ्या दिवशी होड्यांतून आलेल्या ताहितीयनांनी दगडांचा वर्षाव केला व जहाजावरील तोफांनी अनेकांचे बळी घेतले. त्यानंतर तह होऊन देवघेव सुरू झाली. लोह ताहितीयनांना दुर्मिळ असल्याने खिळ्यांना मोठी किंमत येई. खलाशी जहाजाच्या फळ्यांतील खिळे उपटून नेऊ लागले, तेव्हा जहाजाच्याच बांधणीची काळजी पडली.

पुढच्या वर्षी फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, हितीआआ येथे थांबला. ती जागा वाऱ्याच्या तोंडावर व तळ प्रवाळाचा. त्यामुळे नऊ दिवसांत त्याने सहा नांगर गमावले. मातावाईचे मोल या तुलनेने ध्यानात येते. जेम्स कुकने १३ एप्रिल १७६९ रोजी, म्हणजे वादळी ऋतू सरताना, ‘एंडेव्हर’ येथे १३ वाव पाण्यात नांगरले. देवघेवीसंबंधी त्याने खलाशांना लेखी नियम घालून दिले, भूशिरावर गढी उभारली व ३ जून रोजी शुक्राच्या अधिक्रमणाचे वेध घेतले. परतताना सोबत घेतलेल्या तुपाइआ या पुरोहित-नाविकाने लगतच्या बेटांतून जहाजाला वाट दाखविली. हुआहीने येथे आत शिरण्यापूर्वी त्याने एका माणसास बुडी मारून जहाज पाण्यात किती खोल आहे हे पाहावयास लावले. अशा वाटाड्यांचे श्रेय यूरोपीय वृत्तांतांत क्वचितच पुरेसे नोंदलेले दिसते. तुपाइआ १७७० मध्ये बटेव्हिया येथे मरण पावला.

विल्यम ब्लाय मात्र अवेळी आला. केप हॉर्नला वळसा घालण्याचा प्रयत्न फसल्याने ‘बाउंटी’ २६ ऑक्टोबर १७८८ रोजी येथे पोहोचले. डिसेंबरमधील वादळाने नांगरस्थान असुरक्षित ठरले व जहाज जवळच्या तोआरोआ येथील प्रवाळभित्तीमागे हलवावे लागले. नीरफणसाची एक हजारावर रोपे गोळा करीत पाच महिन्यांहून अधिक मुक्काम झाला. परतीच्या वाटेवर २८ एप्रिल १७८९ रोजी झालेल्या बंडास या दीर्घ मुक्कामात सैल झालेली शिस्त कितपत कारण झाली, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. १७९२ मध्ये ब्लाय ‘प्रॉव्हिडन्स’मधून एप्रिलमध्येच आला व रोपे वेस्ट इंडीजला सुखरूप पोहोचवू शकला.

जहाजांना निवारा देणारी ही जागा रहिवाशांना मात्र महाग पडली. परकी जहाजे येथेच थांबत असल्याने शेजारच्या पारे प्रदेशाचा प्रमुख तू (पहिला पोमारे) याला बंदुका व वस्तू मिळत गेल्या, आणि त्याच्या घराण्याचे वर्चस्व वाढले. जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी लोकसंख्या झपाट्याने घटली. ‘डफ’ जहाजातून १७९७ मध्ये आलेल्या मिशनऱ्यांनी ती सु. १६,००० असल्याचा अंदाज केला. कुकचा १७७४ चा सु. दोन लाखांचा अंदाज मात्र अतिशयोक्त मानला जातो.

एकोणिसाव्या शतकात देवमाशांची शिकार करणारी जहाजे, प्रवाळभित्तीने सर्व ऋतूंत सुरक्षित असलेल्या पापीएतेकडे वळली व मातावाई मागे पडले. पॉइंट व्हीनसवर याच शतकात दीपगृह बांधण्यात आले.