नौकेवरील रात्रीचा पहारा

चोहीकडे पाणीच पाणी असताना माणसे आगीने मरावीत, हे ऐकणाऱ्यास विचित्र वाटते. तथापि नौकानयनाचा इतिहास चाळू लागलो की अशा रात्री एकामागून एक आपल्यासमोर उभ्या राहतात. १७ सप्टेंबर १९४९ च्या पहाटे कॅनडातील टोरांटोच्या धक्क्याला लागलेली 'नोरॉनिक' ही प्रवासी बोट पेटली. बोट भर समुद्रात नव्हती. किनारा हाताच्या अंतरावर होता. प्रवासी आपापल्या खोल्यांत निजले होते, कामावर असलेले खलाशी अवघे पंधरा होते, आणि धक्क्यावर उतरण्याची वाट एकाच मजल्यावरून होती. किमान ११८ जण दगावले. पुढे ७ एप्रिल १९९० रोजी नॉर्वेतील ऑस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या 'स्कँडिनेव्हियन स्टार'वर १५९ जण मेले. त्यांतील बहुतेकांपर्यंत ज्वाळा पोचल्याच नव्हत्या. भिंतींवरच्या कृत्रिम पत्र्यांतून निघालेल्या विषारी धुराने त्यांना गाठले. निजलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल हा आपला समज फारसा खरा नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

या दोन्ही मोठ्या बोटी होत्या. लहान नौकांची कहाणी मात्र, आमच्या मते, अधिक विचार करावयास लावणारी आहे.

'कन्सेप्शन' ही पंचाहत्तर फुटी नौका १९८१ साली कॅलिफोर्नियात बांधली गेली. सांगाडा लाकडाचा, वरून फायबरग्लासचे वेष्टण. पाण्याखाली बुडी मारून समुद्रजीवन पाहण्याची हौस असणाऱ्यांना ती सांता बार्बराहून बेटांकडे नेत असे. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे ती सांताक्रूझ बेटाच्या उत्तर किनाऱ्याशी नांगरून उभी होती. ३३ प्रवासी आणि खलाशांपैकी एक तरुणी असे ३४ जण तळच्या शयनकक्षात निजले होते. कप्तानासह उरलेले पाच जण अगदी वरच्या मजल्यावर. या दोहोंच्या मध्ये दिवाणखाना व स्वयंपाकघर होते. दिवसभर वापरलेले कॅमेरे, दिवे, मोबाइल फोन यांच्या बॅटऱ्या रात्री तेथेच चार्जिंगला लावलेल्या असत.

आता या घराची रचना वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. तळघरातून वर येण्यास दोन वाटा होत्या. पुढच्या बाजूस जिना, आणि मागच्या बाजूस एका बिछान्याच्या वर छताला असलेले संकटकालीन झाकण. कागदावर दोन वाटा. पण दोन्ही उघडत होत्या त्याच मधल्या दिवाणखान्यात! तो पेटला आणि दोन्ही दारे एकाच वेळी बंद झाली. धुराची सूचना देणारी यंत्रे तळघरात होती, दिवाणखान्यात नव्हती. म्हणजे धूर वर साठून जिन्याने खाली उतरेपर्यंत कोणास कळावयाचे नाही. एवढे असूनही ही नौका त्या काळच्या नियमांत बसत होती व वेळोवेळी तपासणीतून उत्तीर्ण होत होती.

एक नियम मात्र स्पष्ट होता. प्रवासी निजले असता कोणीतरी खलाशी जागा राहून फिरता पहारा करील, असे त्या नौकेच्या परवान्यातच लिहिलेले होते. त्या रात्री कोणीही जागे नव्हते. वरच्या खलाशांस जाग आली तेव्हा खालचा मजला पेटलेला होता. त्यांनी उड्या टाकल्या, त्यांतील एकाचा पाय जायबंदी झाला. पुढच्या खिडक्या उघडण्याची खटपट व्यर्थ गेली. ३ वाजून १४ मिनिटांनी कप्तानाने बिनतारी यंत्रावरून मदतीची हाक दिली. तळघरातील ३४ पैकी एकही वाचला नाही. मृतांत एक भारतीय दांपत्यही होते.

ते सारे झोपेतच गेले असावेत, असे प्रथम म्हटले गेले, आणि त्यात आप्तांना काही समाधान होते. तेही टिकले नाही. काहींच्या पायांत पादत्राणे आढळली. एका मोबाइल फोनमध्ये ३ वाजून १७ मिनिटांची काही सेकंदांची चित्रफीत सापडली. तीत माणसे जागी आहेत व वाट शोधत आहेत.

आमच्या उत्तन, वसई, अर्नाळ्याच्या वाचकांस हे फार दूरचे वाटू नये. मासेमारीस गेलेली बोट कित्येक दिवस समुद्रात असते. डिझेलची टाकी, गॅसची शेगडी, नायलॉनची जाळी आणि थकून निजलेले खलाशी, सर्व काही हातभर अंतरात. तेथे केबिनमधून बाहेर पडण्यास किती दारे आहेत, आणि ती कोठे उघडतात?

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने ऑक्टोबर २०२० मध्ये आपला निष्कर्ष दिला. आगीचे नेमके मूळ ठरविता आले नाही. दोष मुख्यतः मालक संस्थेच्या देखरेखीच्या अभावावर व न ठेवलेल्या पहाऱ्यावर ठेवला गेला. कप्तानास नोव्हेंबर २०२३ मध्ये दोषी ठरवून मे २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. ज्या कलमाखाली ती झाली, त्याचे मूळ वाफेच्या बोटींच्या काळातील, १८३८ च्या कायद्यात आहे. नवे नियमही आले: धुराची यंत्रे परस्परांशी जोडलेली असावीत, सुटकेच्या वाटा खरोखर वेगवेगळ्या असाव्यात, पहारा झाला की नाही याची नोंद यंत्राने व्हावी.

पण जुन्या कायद्यांत आणखी एक होता, १८५१ चा. व्यापाऱ्यांनी जहाजांत भांडवल घालावे म्हणून केलेला. अपघातानंतर जहाजाची जी किंमत उरेल, तेवढीच मालकाची जबाबदारी, असे तो म्हणतो. दुर्घटनेला आठवडाही उलटला नव्हता, शोधकार्य अद्याप चालू होते, तेव्हाच मालकांनी या कायद्याचा आधार घेत न्यायालयात अर्ज दाखल केला. जळून बुडालेल्या नौकेची किंमत त्यांनी शून्य धरली होती. डिसेंबर २०२२ मध्ये लहान प्रवासी नौकांना या कायद्याच्या आश्रयातून वगळण्यात आले. त्यासाठी झटणाऱ्यांत 'कन्सेप्शन'वरील मृतांचे आप्त होते. मात्र ही दुरुस्ती पुढील अपघातांपुरतीच असल्याने त्यांना स्वतःला तिचा उपयोग झाला नाही.