क्ष-किरणांची छायाद्रव्ये

उटनूरच्या डोंगराळ मुलखातील एखादा गोंड शेतकरी पोटाच्या दुखण्यासाठी आदिलाबादच्या वा नागपूरच्या रुग्णालयात जातो. तेथे त्याला यंत्राखाली निजवून शिरेतून पाण्यासारखे निर्मळ औषध टोचतात. रुग्णालयातील मंडळी त्याला 'डाय' म्हणतात. पण त्यात रंग मुळीच नसतो. अंगातून उष्णतेची एक लाट जाते, तोंडाला क्षणभर धातूची चव येते, आणि पडद्यावर आतील रक्तवाहिन्या स्पष्ट उमटतात. ह्या औषधाला आपण छायाद्रव्य म्हणू. त्याचा इतिहास म्हणजे विषाला कुलूप घालण्याचा इतिहास होय.

सन १८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्या किरणांना हाडे अडवीत. परंतु जठर, मूत्रपिंड व रक्तवाहिन्या यांची छाया वेगळी उमटत नसे. ती उमटावी तर तेथे जड अणूंचा पदार्थ पोचविणे भाग होते. अडचण अशी की, जड मूलद्रव्ये बहुधा विषारी असतात. जानेवारी १८९६ मध्येच व्हिएन्ना येथे हाशेक व लिंडेनथाल यांनी पाऱ्याचे संयुग असलेले मिश्रण हाताच्या रक्तवाहिन्यांत भरून त्यांचे चित्र घेतले. परंतु तो हात मृतदेहाचा होता. जिवंत माणसावर असा प्रयोग करणे शक्यच नव्हते.

अन्नमार्गासाठी प्रथम बिस्मथ आले. सन १९०४ मध्ये म्युनिकचे रीडर ते अन्नात कालवून देऊ लागले. पुढे त्याच्या एका क्षारापासून आतड्यात नायट्राइट तयार होऊन काही रोगी दगावले. म्हणून १९१० मध्ये बाखेम व ग्युंथर यांनी बेरियम सल्फेट सुचविले. बेरियमचे कार्बोनेट हे उंदीर मारण्याचे औषध. सल्फेट मात्र पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते पोटातून जसेच्या तसे बाहेर पडते. येथे अविद्राव्यता हेच कुलूप. परंतु शुद्धतेत हयगय झाली की ते कुचकामी ठरते. सन २००३ मध्ये ब्राझीलमध्ये अशा सल्फेटात कार्बोनेट राहिल्याने रोग्यांना प्राण गमवावे लागले.

शिरेतून द्यावयाचे द्रव्य मात्र विरघळलेच पाहिजे. त्याचा मार्ग योगायोगाने सापडला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये उपदंशाच्या रोग्यांना सोडियम आयोडाइड देत. त्यांच्या मूत्राची छाया क्ष-किरणचित्रात उमटते, असे ऑस्बोर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु मोकळे आयोडाइड पुरेशा मात्रेत शरीराला सोसवत नसे. सन १९२९ मध्ये मोझेस स्विक यांनी जर्मनीत युरोसिलेक्टान हे संयुग वापरून मूत्रपिंडाची चित्रे घेतली. त्यात आयोडीन एका कार्बनी वलयाला घट्ट जोडलेले होते. पुढे १९५० च्या दशकात एकेका बेंझिन-वलयाला तीन आयोडीन अणू बसविण्यात आले.

याच सुमारास थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य फार लोकप्रिय झाले. ते म्हणजे थोरियम डायऑक्साइड. चित्रे उत्कृष्ट येत आणि रोग्याला टोचताना फारसा त्रासही होत नसे. परंतु ते यकृतात व प्लीहेत साठून राही, आणि थोरियम किरणोत्सर्गी असून त्याचा अर्धायुकाल सुमारे १,४०० कोटी वर्षांचा आहे. वीस-तीस वर्षांनी त्या रोग्यांत यकृताचे कर्करोग दिसू लागले. टोचल्या दिवशी काही झाले नाही म्हणजे द्रव्य निर्धोक ठरते, हा समज त्याने कायमचा खोडून काढला.

आयोडीनच्या द्रव्यांचाही एक दोष होता. ती क्षारस्वरूप असल्याने पाण्यात प्रत्येक रेणूचे दोन भाग होत. त्यामुळे द्रावण रक्ताच्या कितीतरी पट तीव्र होऊन शिरेत आग होई. स्वीडनचे टॉर्स्टेन आल्मेन यांनी १९६९ मध्ये असा विचार मांडला की, न फुटणारा रेणू बनविल्यास तेवढ्याच आयोडीनसाठी कणांची संख्या निम्मी होईल. नॉर्वेतील न्येगार्ड कंपनीने तो प्रत्यक्षात आणला, आणि आजची द्रव्ये त्याच विचाराची संतती आहेत. चुंबकीय तपासणीसाठी गॅडोलिनियम वापरतात. त्याचा मोकळा अणू विषारी, म्हणून तो रेणूच्या पकडीत ठेवतात. परंतु ज्यांची मूत्रपिंडे निकामी आहेत अशा रोग्यांत कातडी घट्ट होऊन सांधे आखडण्याचा विकार होतो, व त्याचा संबंध ह्या द्रव्याशी आहे, असे २००६ मध्ये दिसून आले. त्यानंतर अधिक घट्ट पकडीची, वलयाकार रेणूंची द्रव्ये पसंत केली जाऊ लागली.

तेव्हा कुलूप कितीही उत्तम असले तरी ते कोणाच्या देहात जात आहे, हे पाहावेच लागते. म्हणून टोचण्यापूर्वी विचारतात : पूर्वी अशा औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या काय? श्वास कोंडला होता काय? मूत्रपिंडाचा विकार आहे काय? मधुमेहासाठी कोणती गोळी घेता? आजवर ज्यांनी प्राण गमावले त्यांच्या अनुभवाचे सार ह्या चार प्रश्नांत आहे. परंतु प्रश्नच न समजता रोग्याने नुसती मान डोलाविली, तर तेवढे सारे ज्ञान व्यर्थ होय.

उटनूरच्या मुलखाला ह्या गोष्टीची जुनी ओळख आहे. कुमरम भीम यांच्या १९४० मधील बलिदानानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांची स्थिती अभ्यासण्यास पाठविले. सन १९४३ मध्ये तत्कालीन उटनूर तालुक्यातील मार्लवाई येथे गोंडांसाठी शिक्षणकेंद्र उघडले, व मुलांसाठी गोंडी भाषेतील पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. ज्याला शिकवावयाचे त्याच्या भाषेतूनच शिकवावे, एवढी साधी दृष्टी त्यामागे होती. ती शाळेइतकीच रुग्णालयालाही लागू आहे. रोग्याबरोबर गेलेल्या मराठी जाणणाऱ्या शेजाऱ्याने ते चार प्रश्न गोंडीत नीट विचारून घेतले आणि खरी उत्तरे डॉक्टरांना सांगितली, तर त्याच्या हातून मोठेच काम झाले असे म्हणावे लागेल.